कोथरूडच्या एसी गळतीच्या तक्रारीला एसी सर्व्हिसिंगच्या दुकानमालकाचे उत्तर

नमस्कार ताई,

एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंत, की जूनमध्ये सर्व्हिसिंगचे पैसे घेऊनही बेडरूमचा एसी गळत राहिला, दुसऱ्यांदा आलेल्या मुलाने "पावसाळ्यात असं होतंच" म्हणून वेळ मारून नेली, आणि आता कपाटामागे काळी बुरशी आली, सासूबाईंचा दमा बळावला. काल मी स्वतः येऊन पाहिलं. तुमचा शब्द न् शब्द खरा आहे. मनापासून माफी मागतो.

पावसाळ्यात असं होत नाही. हवा दमट असली की थंड कॉइलवर पाणी जास्त धरतं, पण ते ट्रेमधून पाइपने बाहेर जायलाच हवं. आमच्या मुलांनी फिल्टर धुतले, कॉइलला जेट मारला आणि पाइपकडे पाहिलंच नाही. काल मी ट्रेमध्ये एक लिटर पाणी ओतलं, तुमचे यजमान इमारतीच्या डक्टमध्ये पाइपखाली बादली धरून उभे होते. बादलीत जेमतेम पेलाभर आलं. बाकीचं भिंतीत. कपाटामागून आडव्या फिरवलेल्या पाइपला मध्ये झोळ पडलाय, त्यात धूळ आणि बुळबुळीत गाळ साचून बूच बसलंय, आणि अलीकडचा सांधा झिरपतोय. पाइप आम्ही टाकलेला नव्हता, पण दोनदा येऊन तो न तपासणं ही चूक आमचीच.

कपाट पुढे ओढल्यावर प्लायचे सुटलेले पापुद्रे दिसले. तुम्ही एक रेशमी साडी उलगडून नाकाशी नेलीत आणि काही न बोलता बाजूला ठेवलीत. मला काय बोलावं सुचलं नाही.

आता एक कळकळीची विनंती. शुक्रवारी पेंटर येणार म्हणालात, त्याला थांबवा. ओली जागा 24 ते 48 तासांत वाळली नाही तर बुरशी धरू शकते; तुमची भिंत कित्येक दिवस पाणी पितेय. वरून पुट्टी मारली तर आत ओल तशीच राहील आणि पोपडे धरतील. आधी पाइप, मग भिंत पूर्ण वाळू द्यायची, रंग शेवटी. डाग कोरड्या ब्रशने खरवडू नका, बुरशीचे कण खोलीभर उडतात. एन-95 मास्क लावून साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसायचं, आणि सासूबाईंना तोवर दुसऱ्या खोलीत झोपवा. फुगलेला प्लाय पुसून साफ होत नाही, तो काढावाच लागेल. एसीच्या ब्लोअरवरही, म्हणजे आतल्या पंख्यावरही, काळं धरलंय, म्हणून तो धुऊन होईपर्यंत मशीन लावू नका.

नवा एसी द्या, ही मागणी मात्र मला पटत नाही. गॅसचं प्रेशर बरोबर आहे, कॉइलवर बर्फ धरत नाही. त्याच पाइपला नवा एसी जोडला तर तोही तिथेच गळेल.

सर्व्हिसिंगचे पैसे आज परत करतोय. पाइप नीट उतार देऊन नवा टाकू, ब्लोअर खोलून धुऊ, त्याचे पैसे घेणार नाही. कपाटाच्या पाठीचा आणि भिंतीच्या रंगाचा खर्चही आमचा. साड्यांचं ड्रायक्लीनिंगचं बिल मला द्या.

गुरुवारी सकाळी 10 वाजता मी येतो. सोबत दोन मुलं आहेत, कपाट तीच हलवतील. तुम्ही एकट्या ओढू नका.