२५२० आणि रामानुजन: या मेसेजला आता आवरा

२२ डिसेंबर, म्हणजे रामानुजन यांची जयंती जवळ आली की व्हॉट्सअ‍ॅपवर २५२० ची वरात निघते. यंदा ती साताऱ्यात माझ्या भाचीच्या शाळेत परिपाठापर्यंत पोचली. मजकूर तोच: १ ते १० या सगळ्यांनी भाग जाणारी संख्या असूच शकत नाही असं जग मानत होतं, रामानुजननी २५२० शोधली, गणितज्ञ थक्क झाले. रहस्य काय, तर आठवड्याचे ७ दिवस × महिन्याचे ३० × वर्षाचे १२ महिने, 'हिंदू वर्षाची' कमाल. पोरीनं घडाघडा म्हणून दाखवलं, टाळ्याही पडल्या.

गुणाकार बरोबर आहे, तेवढं देऊन टाकू. पण ३० × १२ केल्यावर ३६० दिवस झाले की, आता सातनं कशाला गुणायचं? आणि आपलं चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचं असतं. म्हणून तर अधिक महिना धरावा लागतो.

डोकं फिरतं ते 'अशी संख्याच नाही' या वाक्यानं. अहो, २५२० ची दुप्पट करा, ५०४०. तिलाही जातो भाग. तिप्पट ७५६०, तिलाही. २५२० च्या पाढ्यात संपणार नाहीत इतक्या पडल्यात. आणि २५२० सापडते कशी? ८ आणि ९ घ्या, ५ आणि ७ घ्या, गुणा. २, ३, ४, ६, १० त्यातच येऊन जातात. झाला लसावि. जो वर्गात शिकवतात, तोच परिपाठात चमत्कार म्हणून वाचून दाखवायचा! ५०४० ला १ ते १० नं भाग जातो हे तर प्लेटोनं इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात लिहून ठेवलंय, आदर्श नगरात कुटुंबं किती असावीत ते सांगताना. ११ चं नाव मात्र मेसेजवाले काढत नाहीत. २५२० ला ११ नं भागलं की बाकी १ उरते.

रामानुजन आणि २५२० यांचा संबंध आहे, नाही कशाला म्हणू? १९१५ साली लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा लांबलचक निबंध आला. विषय असा की, आपल्याहून लहान कुठल्याही संख्येपेक्षा जास्त विभाजक असलेल्या संख्या. २५२० ला ४८ विभाजक, म्हणून त्यातल्या तक्त्यात ती आहे. एका ओळीपुरती. तो तक्ता जातो ६७४६३२८३८८८०० पर्यंत, म्हणजे जवळजवळ पावणेसात लाख कोटी, आणि तिचे विभाजक १००८०. हे सगळं संगणकाशिवाय. अशा माणसाच्या नावावर सहावीचा लसावि खपवता?

थक्कच व्हायचं असेल तर त्या तक्त्यात एक संख्या सुटलीय, ती बघा: २९३३१८६२५६००. तिला २३ नं गुणलं की तक्त्यातली शेवटची संख्या येते.