‘इंधनाच्या पिकांचा आणि महागाईचा संबंध नाही’ हा मेसेज पुढे पाठवायच्या आधी

एक लांबलचक मेसेज फिरतोय आणि चांगल्या शहाण्यासुरत्या लोकांनीही तो पुढे ढकललाय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: इथेनॉल-बायोडिझेलला पिकं वापरली तरी अन्नाच्या भावाला काही होत नाही, कारण तो मका माणसं खातच नाहीत, इथेनॉल काढून उरलेला त्याचा चोथा जनावरांना परत मिळतो, २००८ ची महागाई तेलाने आणली, दुकानातल्या किमतीत शेतमालाचा वाटा अगदी किरकोळ असतो आणि सबसिडीमुळेच तर जगाला स्वस्त खायला मिळतं. प्रत्येक मुद्द्यात थोडं थोडं खरं आहे, म्हणूनच तो पटकन पटतो. मला तो घातक वाटतो, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

१. ‘तो मका माणसं खात नाहीत’

बरोबर आहे, अमेरिकेत इथेनॉलला जातो तो पिवळा मका, मुख्यतः जनावरांच्या खाद्याचा. पण जनावरांचं खाद्य महागलं की अंडी, दूध, मांस महागतं, हे वेगळं सांगायला नको. आणि खरा प्रश्न जमिनीचा आहे. २००६ मध्ये अमेरिकेत साधारण ७.८ कोटी एकरांवर मका होता, २००७ मध्ये तो ९.३ कोटींच्या वर गेला. ही जमीन काय आकाशातून पडली नाही, त्याच वर्षी सोयाबीन एक कोटी एकरांहून जास्त घटलं. म्हणजे मका गाडीच्या टाकीत गेला आणि टंचाई तेलबियांत आली. शेतकरी ज्याला भाव आहे ते पेरणार, त्यात त्याचं काही चुकत नाही, पण मग ‘आम्ही खायच्या पिकाला हात लावला नाही’ हे म्हणणं टिकत नाही.

मेक्सिकोत टॉर्टिया (मक्याची पोळी) पांढऱ्या मक्याचा करतात, इथेनॉलच्या पिवळ्याचा नाही. तरीही जानेवारी २००७ मध्ये टॉर्टिया इतका महागला की हजारो लोक मेक्सिको सिटीत रस्त्यावर उतरले आणि राष्ट्राध्यक्ष काल्देरोन यांना कंपन्यांशी बोलून भावाला मर्यादा घालावी लागली. साठेबाजीचा आरोपही तेव्हा झाला होता, तेही लक्षात घ्यावं. पण पिवळा महागल्यावर खाद्यवाले पांढऱ्याकडे वळतात आणि दोघांचे भाव एकमेकांना ओढतात, हे बाजारात बसणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं.

२. ‘एक तृतीयांश चोथा परत मिळतो’

मिळतो. साधारण २५ किलो मक्यातून साडेदहा लिटर इथेनॉल निघतं आणि आठ किलोच्या आसपास सुका चोथा, त्यात प्रथिनं असतात, तो चांगलं खाद्य आहे. पण मग उरलेले दोन तृतीयांश? ५० लिटरची टाकी शुद्ध इथेनॉलने भरायची तर जवळपास १२० किलो मका लागतो. चोथा वजा केला तरी ८० किलो गेला, आणि कॅलरींच्या हिशोबाने ते एका माणसाचं चार महिन्यांचं खाणं होतं. वर इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या लिटरपेक्षा एक तृतीयांश ऊर्जा कमीच.

ही वजाबाकी करून झालेला अभ्यासही आहे. मायकेल रॉबर्ट्स आणि वोल्फ्रॅम श्लेंकर या अर्थतज्ज्ञांनी २०१३ मध्ये मांडलं की अमेरिकेच्या इथेनॉल सक्तीमुळे (इंधनात ठरावीक इथेनॉल मिसळायलाच हवं या कायद्यामुळे) मका, गहू, तांदूळ, सोयाबीन या मुख्य पिकांचे जागतिक भाव ३० टक्क्यांच्या आसपास वर गेले, आणि एक तृतीयांश खाद्य म्हणून परत येतं असं धरलं तर २० टक्के. म्हणजे चोथ्याचा मुद्दा आकडा कमी करतो, शून्य करत नाही.

३. ‘२००८ ला तेल महागलं होतं, म्हणून’

जुलै २००८ मध्ये कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरपर्यंत गेलं, खतं महागली, वाहतूक महागली, सगळं मान्य. तांदूळ तर कुणी इंधन म्हणून गाडीत घालत नाही, तो काही महिन्यांत जवळपास तिप्पट झाला त्यात निर्यातबंद्यांचा मोठा हात होता. जे लोक सगळं खापर एकट्या इथेनॉलवर फोडतात तेही मला पटत नाहीत. जागतिक बँकेच्या डोनाल्ड मिचेल यांनी तेव्हा अन्नाच्या भावातली ७०-७५ टक्के वाढ जैवइंधन (इथेनॉल-बायोडिझेल) आणि त्यातून ओढवलेल्या गोष्टींच्या नावावर टाकली, तर अमेरिकी सरकार २-३ टक्के म्हणत होतं. पुढे अमेरिकेच्याच राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०११ मध्ये २००७ ते २००९ च्या भाववाढीतला जैवइंधनाचा वाटा २० ते ४० टक्के धरला. पण मेसेजवाला म्हणतो ‘संबंधच नाही’. हा दावा कुठल्याच गंभीर अभ्यासात बसत नाही.

आणि मुळात तेल आणि धान्य यांना एकत्र बांधलं कुणी? आधी तेल महागलं तर शेतीचा खर्च वाढायचा, तेवढंच. आता तेल महागलं की इथेनॉल कारखान्याला मक्याला जास्त भाव देणं परवडतं आणि तो देतोही. म्हणजे तेलाकडे बोट दाखवून जैवइंधन सुटत नाही, उलट तेलाची महागाई ताटापर्यंत आणणारा आणखी एक रस्ता तेच आहे.

४. ‘दुकानातल्या किमतीत शेतमाल किरकोळ’

अमेरिकेत गिऱ्हाइकाच्या एका डॉलरमधले साधारण १५ सेंटच शेतकऱ्याकडे जातात, बाकी प्रक्रिया, पॅकिंग, वाहतूक, दुकान. तिथे मका दुप्पट झाला तरी कॉर्नफ्लेक्सचा डबा थोडासाच महागतो. पण जो माणूस धान्यच विकत घेतो आणि ज्याची निम्मी किंवा त्याहून जास्त कमाई खाण्यावर जाते, त्याला ती दुप्पट वाढ जवळजवळ पूर्ण लागते. श्रीमंत देशाचा हिशोब सगळ्या जगाला लावून मोकळं व्हायचं, हे मला सगळ्यात जास्त खटकतं.

५. ‘सबसिडीमुळेच अन्न स्वस्त’

सबसिडी म्हटलं की लोकांना वाटतं सरकार पैसे देतं म्हणजे माल स्वस्त होणार. ओईसीडीच्या (मुख्यतः श्रीमंत देशांच्या आर्थिक संघटनेच्या) हिशोबानुसार २०२०-२२ मध्ये ५४ देशांनी शेतीला वर्षाला सरासरी ८५१ अब्ज डॉलरचा आधार दिला, त्यातले ३३० अब्जांहून जास्त सरकारी तिजोरीतून गेलेच नाहीत, ते आयातकर वगैरे लावून भाव चढे ठेवून थेट गिऱ्हाइकाच्या खिशातून काढले गेले. अमेरिकेतली साखर याच कारणाने जागतिक भावापेक्षा महाग असते. शिवाय १९८५ पासून अमेरिकेत जमीन पडीक ठेवायलाही पैसे मिळतात, २००७ मध्ये अशी साडेतीन कोटी एकरांहून जास्त जमीन होती. माती वाचवायला त्यातला बराच भाग योग्यही आहे, पण त्याला स्वस्त अन्नाची योजना म्हणता येणार नाही.

मग सबसिडीचा माल स्वस्त पडतो कुठे? दुसऱ्याच्या देशात. हैती या कॅरिबियन देशाने १९९५ च्या सुमारास तांदळावरचा आयातकर ५० टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला, अमेरिकेचा सबसिडीवाला तांदूळ आत आला आणि तिथला भातशेतकरी मोडला. त्या वेळी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष असलेल्या बिल क्लिंटन यांनी २०१० मध्ये अमेरिकी सिनेट समितीपुढे यातली आपली चूक कबूल केली. पण त्याआधीच २००८ आलं होतं: जगात तांदूळ कडाडला, घरचं पीक उरलं नव्हतं, दंगली झाल्या आणि एप्रिलमध्ये हैतीचे पंतप्रधान आलेक्सी यांना पदावरून जावं लागलं. स्वस्ताईच्या काळात पिकवणारा संपला आणि महागाईच्या काळात खाणारा.

आता ‘म्हणजे तुम्ही शेतकऱ्याच्या विरोधात’ हे येणारच. अजिबात नाही. चढ्या भावाचा केवढा भाग जमिनीच्या किमतीत आणि खंडात (भाड्यात) मुरतो ते बघा: अमेरिकेच्या आयोवा राज्यात एकरी सरासरी किंमत २००५ मध्ये २,९०० डॉलरच्या आसपास होती, २०१३ मध्ये ८,७०० च्या वर. खंडाने कसणाऱ्याच्या किंवा नव्याने शेतीत येणाऱ्या पोराच्या हातात यातलं किती राहिलं असेल?

माझा राग पिकावर नाही, सक्तीवर आहे. अमेरिकेच्या २००७ च्या कायद्याने मक्याच्या इथेनॉलला २०२२ पर्यंत वर्षाला १,५०० कोटी गॅलनपर्यंत जागा ठेवली होती. पीक बुडालं तरी हा कोटा आपोआप खाली येत नव्हता, मग काटकसर करायची ती उरलेल्यांनी. २०१२ च्या दुष्काळात मका बुशेलला (साधारण २५ किलोला) ८ डॉलरच्या वर गेला, एफएओचे (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचे) तेव्हाचे प्रमुख ग्राझियानो दा सिल्वा यांनी सक्ती तात्पुरती थांबवा म्हणून जाहीर विनंती केली, काही राज्यांनीही सूट मागितली. त्याच्या आदल्याच वर्षी एफएओ, जागतिक बँक, नाणेनिधी, डब्ल्यूटीओ (जागतिक व्यापार संघटना) अशा दहा संस्थांनी जी-२० देशांना अशा सक्त्या आणि सबसिड्या काढा असं एकत्र लिहून दिलं होतं. नोव्हेंबर २०१२ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने सूट नाकारली. कारण कायद्याप्रमाणे सूट मिळते ती एखाद्या राज्याच्या, प्रदेशाच्या किंवा अमेरिकेच्या अर्थव्यवस्थेचं किंवा पर्यावरणाचं गंभीर नुकसान होत असेल तर. बाहेरच्या देशात कोण उपाशी राहिलं याला त्या कलमात जागाच नाही. धान्याचे साठे ठरावीक पातळीखाली गेले की कोटा आपोआप कमी व्हावा, एवढी एक ओळ त्यात घालायला काय हरकत आहे, हे मेसेज पुढे पाठवणाऱ्यांनी मला सांगावं.