'कधीपर्यंत' या रकान्यात काय भरू?

आज लिहिणार नव्हते. पण दुपारपासून डोक्यात तेच फिरतंय आणि बाबा आत्ता कुठे झोपलेत, तेव्हा लिहूनच टाकते. लांबलं तर लांबलं.

ऑफिसच्या नव्या पोर्टलवर रजेचा अर्ज भरत होते. कारण निवडा, म्हणे. खाली यादी. स्वतःचं आजारपण. लग्न. बाळंतपण. परीक्षा. कुटुंबातील मृत्यू. इतर.

दोनदा वर-खाली केली यादी. म्हणजे बाबा गेले असते तर त्यांच्यासाठी ओळ होती. भरपगारी रजा, तीन दिवस, वर सगळ्या विभागाला दुःखद मेल. जिवंत आहेत म्हणून 'इतर'.

बरं, 'इतर' तर 'इतर'. निवडलं. पुढे लाल चांदणी लावलेले दोन रकाने, कधीपासून आणि कधीपर्यंत. मी मागत काय होते, तर रोज सकाळी साडेदहा ते साडेअकरा एक तास. फुकट नाही, संध्याकाळी भरून देईन म्हणून. शेवटी एचआरला फोन लावला. पोरगी गोड आहे, तिचा काही दोष नाही. म्हणाली, "मॅम, एंड डेट टाकल्याशिवाय सिस्टीम पुढेच जात नाही. अंदाजे टाका ना. साधारण किती दिवस चालेल हे?"

साधारण किती दिवस चालेल!

पार्किन्सन्स आहे गं बाई. हाडाचं फ्रॅक्चर नाही, सहा आठवड्यांनी प्लास्टर काढायला. तू जे विचारलंस त्याचं खरं उत्तर एकच आहे, आणि ते मी कॅलेंडर उघडून, महिना निवडून, तारखेवर क्लिक करून द्यायचं?

ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना 'अकराची गोळी' म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. गोळी लेव्होडोपाची. पोटात गेली की अर्ध्यापाऊण तासात माणूस सुटा होतो, हिंडतो-फिरतो, स्वतःची बटणं स्वतः लावतो. अंमल उतरला की किल्ली संपल्यासारखा थांबतो. पहिली काही वर्षं दोन गोळ्यांच्या मध्ये काही जाणवायचंसुद्धा नाही. आता चार तास कसेबसे निघतात. सात, अकरा, तीन, सात. त्यात जेवणातली प्रथिनं गोळीच्या आड येतात, म्हणून खाण्याच्या अर्धा तास आधी. म्हणजे बघा, माझ्या घरातलं घड्याळ माझं नाहीच. ते त्या गोळीचं आहे. ऑफिसचं घड्याळ ऑफिसचं. मी दोन घड्याळांच्या मध्ये.

मागच्या महिन्यातली गोष्ट. घरून काम करत होते. दहाला रिव्ह्यू सुरू झाला, साडेदहाला संपणार होता. नाही संपला. अकराला मोबाइलचा गजर वाजला, मी तो बंद केला. क्लायंट बोलत होता हो, मध्येच "एक मिनिट" म्हणून कशी उठू? पाच मिनिटांत देते म्हटलं. मग आणखी पाच. कानात हेडफोन. बाराला दहा कमी असताना बाहेर आले, तर बाबा बाथरूमच्या उंबऱ्याशी उभे. हात चौकटीला, पाय जमिनीला खिळलेले, पायजमा ओला. किती वेळ उभे होते कोण जाणे. हाका मारल्या असणार. या आजारात आवाजही बारीक होत जातो. बंद दाराआड, हेडफोन लावलेल्या मुलीपर्यंत तो कुठून पोचणार?

मला बघून म्हणाले, "झाली का मीटिंग?"

इतकंच. तक्रार नाही, चिडणं नाही. खरं तर चिडले असते तर बरं झालं असतं.

त्यामुळे आता कोणी मला 'वर्क-लाइफ बॅलन्स' म्हणालं की टाळकं सरकतं. आमच्याकडे त्यावर वेबिनार झाला होता. कामं महत्त्वाची आणि तातडीची अशा चौकटींत टाका, म्हणे. बाबा कुठल्या चौकटीत टाकू? ते दाराच्या चौकटीत अडकलेत, तिथून सुरुवात करू का?

आणि ती 'फ्लेक्सिबिलिटी'. दिलीय ना तुम्हाला, असं वरून ऐकवतात. दिलीय. म्हणजे सकाळचं काम रात्री अकराला करायची मुभा. रात्री त्यांना कूस बदलता येत नाही, दोनदा तरी उठावं लागतं, ते कुठल्या शिफ्टमध्ये धरायचं?

ठीक आहे, ऑफिस म्हणजे धर्मशाळा नाही. अकराला मी नसले तर माझा फोन शेजारचा उचलतो आणि त्याच्याही घरी कोणीतरी असेलच. मान्य. केलं मान्य.

दादाबद्दलही एक ओळ लिहिते, नाहीतर उद्या फोन येईल. तो पैसे पाठवतो, वेळेवर पाठवतो, औषधांची कधी चिंता पडली नाही. पण पैसे बाबांच्या पायापुढे पाय ठेवत नाहीत.

हो, ते राहिलंच. पाय जमिनीला चिकटला की ओढायचं नसतं. ओढलं की माणूस आणखी घट्ट होतो, नाहीतर तोल जाऊन पडतो. त्यांच्या पावलापुढे आपलं पाऊल आडवं ठेवायचं आणि म्हणायचं, ओलांडा. सपाट जमिनीवर जो पाय उचलत नाही तो समोर आडवं काही दिसलं की उचलतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला जादूच वाटली. त्या दिवशीही तेच केलं. ओल्या फरशीवर अनवाणी पाऊल आडवं ठेवून उभी राहिले. आत लॅपटॉपमधून कोणीतरी माझं नाव घेत होतं.

"एखादी बाई ठेव ना" हा सल्ला कृपया कमेंटमध्ये देऊ नका. आहेत. मावशी आहेत आणि त्या आहेत म्हणून माझी नोकरी आहे. आधी नऊला यायच्या. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या सासूबाईंना पक्षाघात झाला. सकाळी सासूबाईंचं सगळं उरकून निघायचं म्हणजे बारा वाजतात, म्हणाल्या. तेव्हा मी काय विचारलं त्यांना?

"असं किती दिवस चालणार, मावशी?"

हे आत्ता टाइप करताना आठवलं. खरंच आत्ता. दुपारी त्या पोरीवर इतकी भडकले होते तेव्हा नाही आठवलं. आणि नुसतं विचारलंच नाही, तासांच्या हिशोबाने पगारही कमी केला. हिशोबात चूक नव्हती. मावशी काही बोलल्या नाहीत. "बघते ताई" म्हणाल्या आणि बाबांचे पाय चेपायला बसल्या.

हे वाक्य काढून टाकावं का, असा विचार करतेय. राहू दे.

फोननंतर रागाच्या भरात कुठे काय कायदे आहेत ते वाचत बसले. नोकरी करणाऱ्यांच्या घरच्या जबाबदाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार आहे, १५६ क्रमांकाचा, १९८१चा. म्हणजे हा प्रश्न मी शोधून काढलेला नाही. अमेरिकेत १९९३च्या कायद्याने वर्षाला बारा आठवडे, तेही सगळ्यांना नाही आणि बिनपगारी. ब्रिटनमध्ये २०२४पासून वर्षाला एक आठवडा, तोही बिनपगारी. जपानमध्ये घरच्या एका माणसामागे ९३ दिवस, तीन तुकड्यांत घेता येतात. ९३ वाचून आधी हसूच आलं. बाबांचं हे नववं वर्ष. मग पुढे वाचलं की ते दिवस मुळात स्वतः उशाशी बसण्यासाठी नाहीतच, पुढची व्यवस्था लावण्यासाठी आहेत. निदान तिथे कागदावर कोणीतरी गृहीत धरलंय की हे पुढेही चालणार आहे, आणि माणूस नोकरीही करणार आहे.

मला जास्त काही नकोय. दया तर मुळीच नको. "कसं काय जमवतेस गं, ग्रेट आहेस" हेही नको, त्याने गोळी दिली जात नाही. यादीत एक ओळ हवी आहे. आणि त्या ओळीपुढचा शेवटच्या तारखेचा रकाना रिकामा सोडता आला पाहिजे. बास.

संध्याकाळी सातची गोळी लागू झाल्यावर बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी आयुष्यभर कचेरीत लोकांच्या रजेचे अर्ज तपासले. अक्षर असं, की लोक अर्ज लिहून घ्यायला त्यांच्याकडे यायचे. आता सही मुंगीएवढी होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रकाना मोकळा ठेवू नये. अर्ज परत येतो."

मग मी लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला आणि त्यांच्यासमोर ३१ डिसेंबर टाकलं. म्हटलं, बघू पुढचं पुढे. लगेच लाल अक्षरं आली. कमाल मर्यादा ३० दिवस.

बाबांना वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग दर महिन्याला भर."

मला वाटतं ते हसले. चेहऱ्यावरून आता नक्की सांगता येत नाही.