झाकण उघडलं म्हणून मॉनिटर क्ष-किरण फेकत नाही

जुने कॉम्प्युटर आणि गेमिंगची यंत्रं जमवणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक फॉरवर्ड अधूनमधून डोकं वर काढतो. थोडक्यात त्यातला मजकूर असा: सीआरटी (काचेच्या पिक्चर ट्यूबच्या) मॉनिटरचं मागचं झाकण उघडलं की क्ष-किरण बाहेर पडतात, स्विच बंद केला तरी काही तास पडत राहतात, डुप्लिकेट एलओटी (हाय व्होल्टेज तयार करणारा लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मर) टाकली की रेडिएशन दुप्पट, खात्री हवी असेल तर गायगर काउंटर (रेडिएशन मोजायचं यंत्र) लावून बघा, आणि शिशाचा एप्रन घातल्याशिवाय हात लावू नका. पाच दावे आहेत. चार चुकीचे, एक अर्धा खरा. नेमका तो अर्धा खरा दावाच फॉरवर्डमध्ये धड सांगितलेला नाही.

"झाकण उघडलं की क्ष-किरण बाहेर"

14-15 इंची रंगीत मॉनिटरमध्ये इलेक्ट्रॉन साधारण 24-25 किलोव्होल्टच्या जोरावर पडद्याकडे धावतात आणि आदळताना थोडे क्ष-किरण तयार होतात, इथपर्यंत बरोबर. पण ते अडवते ती पिक्चर ट्यूबची स्वतःची काच. समोरच्या जाड काचेत बेरियम आणि स्ट्रॉन्शियमची ऑक्साइडं असतात, मागच्या नरसाळ्यात वजनाच्या वीस-पंचवीस टक्के लेड ऑक्साइड असतं, मानेत त्याहून जास्त. प्लास्टिकचं झाकण या बाबतीत असून नसल्यासारखं. आतला भोकाभोकांचा पत्रा असतो तो रेडिओ लहरींचा उपद्रव रोखायला. झाकण काढल्यावर सुटतं ते विजेच्या धक्क्यापासूनचं संरक्षण.

ही भीती आली कुठून, तेही सांगायला हवं. 1967 मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या सुमारे 90 हजार रंगीत टीव्हींतून मर्यादेबाहेर क्ष-किरण पडत असल्याचं उघड झालं. ते पडद्यातून येत नव्हते. हाय व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या शंट रेग्युलेटर व्हॉल्व्हमधून (काचेच्या निर्वात नळीतून) खालच्या दिशेने पडत होते. त्या व्हॉल्व्हच्या जमान्यात हाय व्होल्टेजच्या भागावरचा पत्र्याचा डबा काढून सेट चालवणं खरोखरच वाईट होतं. पुढे 1968 चा कायदा आला आणि 1970 पासून बनणाऱ्या टीव्हींना मर्यादा लागली: बाहेरच्या पृष्ठभागापासून 5 सेंटिमीटरवर ताशी 0.5 मिलिरॉन्टजेन, म्हणजे अंदाजे 5 मायक्रोसीव्हर्ट. लवकरच एखादा पार्ट बिघडला तरी ही मर्यादा पाळली गेली पाहिजे, अशी अट आली. आपण दुरुस्त करतो त्या मॉनिटरांत तो व्हॉल्व्ह नसतोच. रेक्टिफायर डायोड एलओटीच्या आत रेझिनमध्ये गाडलेले असतात. तिथे निर्वात पोकळी नाही, त्यामुळे क्ष-किरणही नाहीत.

"बंद केल्यावरही काही तास"

नाही. ईएचटी (इलेक्ट्रॉनांना पळवणारं ते 24-25 किलोव्होल्टचं व्होल्टेज) बनायचा थांबला, इलेक्ट्रॉनांचा झोत थांबला, की क्ष-किरण त्याच क्षणी संपले. उरतो तो ट्यूबच्या काचेवरचा विद्युतभार, आणि धोका त्याच्या झटक्याचा असतो.

"डुप्लिकेट एलओटी म्हणजे दुप्पट रेडिएशन"

हाच तो अर्धा खरा दावा. पार्टवर कोणाचं नाव छापलंय याने काही बिघडत नाही. तो टाकल्यावर ईएचटी किती झाला याने बिघडतं. काचेतून पार होणारे क्ष-किरण व्होल्टेजच्या प्रमाणात सरळ वाढत नाहीत, फार झपाट्याने वाढतात. आणि ईएचटी चढायला एलओटीच कारण लागते असंही नाही.

पहिला संशयित रिट्रेस कंडेन्सर, एलओटी चालवणाऱ्या लाइन आउटपुट ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवरचा. समजा मूळ 8.2 नॅनोफॅरड, 1600 व्होल्ट, पॉलिप्रॉपिलीन आहे. दुकानात तो मिळाला नाही म्हणून 6.8 चा टाकला, तर फ्लायबॅक पल्स (ज्यापासून एलओटी ईएचटी बनवते तो) ढोबळ हिशेबाने नऊ-दहा टक्के चढतो आणि 25 चे 27 किलोव्होल्ट होतात. चित्र चारी बाजूंनी थोडं आक्रसतं, कारण जास्त वेगाचा इलेक्ट्रॉन कमी वळतो. मग कारागीर विड्थ आणि हाइट वाढवून पडदा भरतो आणि एकमेव दिसणारी खूण पुसून टाकतो. व्होल्टेज रेटिंग पुरेसं म्हणून हिरवा पॉलिएस्टर कंडेन्सर लावणं हीदेखील चूकच. त्या पल्सवर तो तापतो, क्षमता गमावतो किंवा उघडा पडतो, आणि मग बहुतेक वेळा आउटपुट ट्रान्झिस्टरही सोबत नेतो.

दुसरा संशयित बी प्लस, म्हणजे पॉवर सप्लाय लाइन सर्किटाला पुरवतो ते डीसी व्होल्टेज. पॉवर सप्लायच्या प्रायमरी बाजूच्या फीडबॅकमधला छोटा इलेक्ट्रोलिटिक वाळला की काही डिझाइनांत बी प्लस वर सरकतो. 115 चे 130 व्होल्ट झाले तर ईएचटीही तेरा टक्के वर, म्हणजे 28 किलोव्होल्ट.

हे सगळं पकडायला कारखान्याने एक सर्किट दिलेलं असतं. एलओटीच्या एका जादा गुंडाळीवरचा पल्स रेक्टिफाय होऊन झेनर डायोडमार्गे लॅचला (एकदा बंद केलं की बंदच ठेवणाऱ्या सर्किटाला) जातो, आणि पल्स मर्यादेबाहेर गेला की लाइन ऑसिलेटर बंद. सेट चालू होऊन लगेच बंद पडतो ही तक्रार कधीकधी याच सर्किटामुळे असते. त्यावर डायोडचा पाय कापून सेट 'चालू करून देणं' हा दुरुस्तीतला खरा गुन्हा. फॉरवर्डमध्ये त्याचा उल्लेखसुद्धा नाही!

तेव्हा एलओटी, रिट्रेस कंडेन्सर, पॉवर सप्लाय किंवा ट्यूब यांपैकी काहीही बदललं की ईएचटी मोजायचा. मॉनिटर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर (मेनच्या विजेपासून वेगळं करणाऱ्या) घ्या. साधं मल्टिमीटर अ‍ॅनोडला (ट्यूबला ईएचटी जिथे जोडलेला असतो तिथे) लावायचं नाही. 1000:1 चा हाय व्होल्टेज प्रोब हवा. त्याची अर्थ क्लिप आधी ट्यूबच्या काळ्या लेपावरून जाणाऱ्या उघड्या तारेच्या वेणीला लावा. सेट बंद असताना, ट्यूब डिस्चार्ज करून, प्रोबचं टोक अ‍ॅनोड कॅपच्या रबराखाली सरकवा आणि मगच सेट चालू करा. ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट पार खाली आणा, कारण बीम करंट शून्य असताना ईएचटी सर्वाधिक असतो. मल्टिसिंक (अनेक रेझोल्यूशनवर चालणारा) मॉनिटर असेल तर एका मोडवर समाधान मानू नका. 640×480 ला 31.5 किलोहर्ट्झ आणि 1024×768 ला 60 हर्ट्झवर 48.4 किलोहर्ट्झ, दोन्हीकडे बघा. आकडा सर्व्हिस मॅन्युअलच्या मर्यादेत हवा. मॅन्युअलमध्ये उद्गारचिन्हाच्या त्रिकोणाने दाखवलेले पार्ट त्याच मूल्याचे आणि त्याच प्रकारचे टाका. ट्यूबही त्याच नंबरची, कारण काचेचं संरक्षण त्या नंबरासोबत येतं.

"गायगर काउंटर टिकटिकतो"

तो रिकाम्या टेबलावरही टिकटिकतो. नैसर्गिक पार्श्वभूमीच तेवढी असते. 25 किलोव्होल्टच्या ट्यूबमधून 25 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टहून जास्त ऊर्जेचा क्ष-किरण निघूच शकत नाही, आणि स्वस्त काउंटरमधली पोलादी भिंतीची नळी इतके मवाळ किरण बहुतांशी पाहतच नाही. उलट एलओटीजवळच्या विद्युत क्षेत्राने त्याचं सर्किट खोटे ठोके मोजतं. त्यामुळे आकडा वाढला म्हणून घाबरू नका आणि वाढला नाही म्हणून निश्चिंतही होऊ नका. ईएचटी मोजणं सोपं आणि भरवशाचं.

"शिशाचा एप्रन घाला"

काचेने आधीच अडवलेलं पुन्हा अडवायला चार-पाच किलोचं ओझं कशाला? तेही वीज चालू असलेल्या चासीवर वाकताना. (नव्वदीत मॉनिटरसमोर लावायला विकले जाणारे 'अँटि-रेडिएशन' पडदे चमक आणि स्थिर वीज कमी करायचे, क्ष-किरणांशी त्यांचा संबंध नव्हता.)

एप्रनचे पैसे डिस्चार्जच्या वायरवर खर्च करा. हाय व्होल्टेजचं इन्सुलेशन असलेल्या वायरचं एक टोक ट्यूबवरच्या त्याच उघड्या तारेच्या वेणीला, दुसरं लांब पात्याच्या इन्सुलेटेड स्क्रूड्रायव्हरला, पातं अ‍ॅनोड कॅपखाली. दहा मिनिटांनी पुन्हा तेच करा, कारण काचेत मुरलेला भार परत वर येतो. वेणीऐवजी बोर्डावरच्या कुठल्याही अर्थला जोडलं तर आयसी उडतात. ट्यूबमध्ये साधारण 2 नॅनोफॅरडवर 25 किलोव्होल्ट, म्हणजे जेमतेम 0.6 ज्यूल. त्याच्या शेजारीच 220 मायक्रोफॅरडच्या मेन कंडेन्सरमध्ये 325 व्होल्टवर सुमारे 11.6 ज्यूल बसलेले असतात. त्याला 2.2 किलोओहम, 5 वॉटचा रेझिस्टर काही सेकंद लावा आणि मीटरने व्होल्टेज उतरल्याची खात्री करून घ्या.