सव्वादोन लिटर फिजी

फिजीचं तिकीट निघालं? अभिनंदन! आता बेटं, प्रवाळ, मासे वगैरे किरकोळ बाबी टूरवाल्यावर सोपवा आणि कागद-पेन्सिल घेऊन बसा. मुंबईहून फिजीतल्या नांदी विमानतळाला थेट विमान नाही. सिंगापूर, हाँगकाँग, नाहीतर सिडनीचा वळसा पडतो. अननुभवी लोक याला गैरसोय म्हणतात. तुम्ही दुकानं मोजा. मुंबईला निघतानाचं, मधल्या विमानतळावरची रांगच्या रांग, नांदीला उतरल्या-उतरल्या लागणारं, आणि परतीला पुन्हा तेवढीच. विमानतळावर असं करमुक्त दुकान काढायची कल्पना आयर्लंडमधल्या शॅननच्या लोकांना १९४७ साली सुचली. तेव्हापासून प्रवासाला काही अर्थ आला. दोन दुकानांच्या मधे चार-पाच दिवस प्रशांत महासागर येतो, तेवढा सोसून घ्यायचा.

पहिला अभ्यास बाटलीचा. फिजीत उतरताना माणशी सव्वादोन लिटर कडक दारू करमुक्त नेता येते. पाऊण लिटरच्या तीन बाटल्या घेतल्या की हिशोब थेंबाथेंबानं जुळतो. भारतात परतताना मात्र माणशी दोनच लिटर. आता समजा, जाताना नेलेल्या तीन बाटल्या तिकडे फुटल्याच नाहीत, कारण तुम्ही दोघं डासांच्या भीतीनं संध्याकाळी सातलाच खोलीत शिरत होता. मग परतीला पाव लिटर जास्त होतो. या पाव लिटरवर मी सुशिक्षित माणसांना विमानतळाच्या फरशीवर बसून बॅगा उचकताना पाहिलं आहे. पन्नास हजारांचं तिकीट चुकलं तरी चालेल, पाव लिटर सरकारला जाता कामा नये.

यावर उपाय एकच. नियमात शब्द ‘माणशी’ आहे, ‘पिणाऱ्या माणशी’ नाही. म्हणून सहलीला पिणारे मित्र नेऊ नका, ते आपापला कोटा घेऊनच येतात. न पिणारे नातेवाईक न्या. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी सगळं पाळणारी आत्या असेल तर तिचं अर्धं तिकीट तुम्हीच काढा, वसूल होईल.

“आत्या, तू फक्त ही पिशवी धर.”

“आत काय आहे रे?”

“काही नाही गं. सरबत.”

“सरबताला एवढं टाळं लावतात?”

टाळं म्हणजे ती सीलबंद पारदर्शक पिशवी. आत बाटली, बाटलीशेजारी पावती, वरून चिकटवलेली लाल पट्टी. मधल्या विमानतळावर पुन्हा तपासणी होते आणि हातातल्या सामानात शंभर मिलिलिटरच्या वरचं कुठलंही द्रव चालत नाही. अपवाद फक्त या न फोडलेल्या पिशवीचा. तेव्हा विमानात बसल्यावर पहिलं काम म्हणजे पट्टी सोलायची आणि बाटली नीट आहे ना हे बघायचं. शेजारच्यालाही दाखवायची. पुढच्या तपासणीला तिथला माणूस अत्यंत अदबीनं ती तुमच्याकडून काढून घेतो. कर वाचलेला असतोच.

किमतीच्या बाबतीत ‘माणशी’वर इतका भरवसा ठेवू नका. आपल्या २०१६ च्या बॅगेज नियमांनी पन्नास हजार रुपयांपर्यंतचा माल माणशी मोकळा सोडला होता, आणि लगेच पुढे लिहिलं होतं की एकाची सवलत दुसऱ्याच्या सवलतीला जोडता येणार नाही. म्हणजे दोघांचे मिळून एक लाख म्हणून नव्वद हजारांचा कॅमेरा आणता येत नव्हता. फ्लॅट दोघांच्या नावावर, कर्ज दोघांच्या नावावर, पण कस्टमच्या दारात संसार वेगळा. यावर कॅमेरा एकाच्या आणि लेन्स दुसऱ्याच्या बॅगेत, असा मार्ग कुणीतरी सुचवतोच. सुचवणारा नेहमी पुढच्या फ्लाइटनं येणारा असतो.

आता खाण्याचं. परदेशात खायला मिळत नाही ही गोष्ट आपल्याकडे सिद्धच आहे. त्यामुळे डिंकाचे लाडू, साजूक तूप, मधाची बाटली, ओल्या फडक्यात गुंडाळलेला कढीपत्ता एवढं बॅगेच्या तळाशी हवंच. नांदीला उतरताना जो फॉर्म भरायचा असतो त्यात ‘खाद्यपदार्थ आहेत काय’ असा प्रश्न येतो. बेधडक ‘नाही’वर खूण करा. चिवडा हा काही खाद्यपदार्थ नव्हे, तो आधार आहे. फिजीची बायोसिक्युरिटी ऑथॉरिटी मात्र अरसिक आहे. दूधदुभतं, मध, बियाणं, ताजी पानं-फळं यांच्याबरोबर बेटावर रोग आणि किडी येतात, असं तिचं म्हणणं. खरं सांगून दाखवलेला डबा फार तर ठेवून घेतात, लपवलेल्या डब्याला दंड पडू शकतो. पण खरं सांगायचं तर मग एवढं पॅकिंग कशासाठी केलं?

टेबलापलीकडचा अधिकारी बहुधा तुमच्याशी हिंदीत बोलेल. फिजीची हिंदी, अवधी-भोजपुरीच्या वळणाची. १८७९ ते १९१६ या काळात इंग्रजांनी कलकत्ता आणि मद्रासहून साठ हजारांवर माणसं ऊस तोडायला तिकडे नेली, तो त्यांचा पणतू असण्याची शक्यता बरीच. त्या जहाजांवर माणशी किती सामान मोफत होतं, हे त्याला विचारू नका. तुमच्या तुपाचा निकाल लागायचाय.

नांदीची मेन स्ट्रीट म्हणजे तुमचं खरं गंतव्य. एका टोकाकडून शिरलात की दोन्ही बाजूंना दुकानं, दुकानांवर जुन्या वळणाच्या ‘ड्युटी फ्री’ पाट्या, आणि दुसऱ्या टोकाला श्री शिव सुब्रमण्य स्वामीचं रंगीबेरंगी मंदिर. तिथवर पोचेपर्यंत दर्शनाची वेळ टळलेली असते. गल्ल्यावर बरेचदा गुजराती घराण्यातला कुणीतरी बसलेला. त्यांचे पूर्वज गिरमिटात, म्हणजे ऊसतोडीच्या करारावर, आले नव्हते, स्वतःच्या खर्चानं आले आणि दुकान थाटून बसले. तेव्हा “भैया, लास्ट प्राइस बोलो” हे वाक्य वापरण्याआधी लक्षात घ्या की समोरच्यानं ते तीन पिढ्या ऐकलं आहे.

या पाट्यांना एकेकाळी अर्थ होता. साठ-सत्तरच्या दशकांत राजधानी सुव्याच्या कमिंग स्ट्रीटवर जहाजं भरभरून ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडचे लोक उतरत. त्यांच्या घरी आयात मालावर जबर जकात होती, इथे जपानी कॅमेरे, ट्रान्झिस्टर, घड्याळं स्वस्त. पुढे त्यांच्या देशांनी जकात उतरवली, आणि कॅमेरा, रेडिओ, घड्याळ तिन्ही मोबाइलनं गिळलं. दुकानात आता फुलाफुलांचे बुला शर्ट लटकतात. पाटी तेवढी तशीच आहे, आणि तुमच्यासारखं गिऱ्हाईक तेवढं तिच्यावर विश्वास ठेवून आत शिरतं. जरूर शिरा. काहीतरी विजेवर चालणारं घ्याच. फिजीत ऑस्ट्रेलियासारखा तिरप्या पिनांचा प्लग चालतो. तो घरी कुठल्याही भोकात जात नाही, त्यामुळे वस्तू वर्षानुवर्षं नवीकोरी राहते. आणि दुकानात उभं राहून मोबाइलवर आपल्याकडचा भाव बघू नका. बघितलात तर सहलीचा पुढचा भाग फुकट जातो.

करपरतीची गंमत चुकवू नका. मान्यताप्राप्त दुकानातून पाचशे फिजी डॉलरच्या वर खरेदी केली, की देश सोडताना परदेशी पाहुण्याला व्हॅट परत मागता येतो. हा व्हॅट २०२३ मध्ये नवावरून पंधरा टक्के झाला आणि २०२५ मध्ये साडेबारावर उतरला. तुमचं बिल चारशे तीसवर अडलं असेल तर घाबरू नका, आणखी सत्तर-ऐंशीचं काहीही घ्या. पंचावन्न-छप्पन डॉलर परत मिळतात. सत्तर घालवून छप्पन मिळवले, हा हिशोब घरी सांगताना फक्त दुसरा आकडा मोठ्यानं सांगायचा.

काय घ्यावं? नरभक्षकाचा काटा. थट्टा नाही, लाकडी, लांब दांड्याचा, चार दातांचा काटा प्रत्येक दुकानात टांगलेला असतो. रेव्हरंड थॉमस बेकर नावाच्या मिशनऱ्याला १८६७ मध्ये डोंगरातल्या लोकांनी मारून खाल्लं, त्यांच्या बुटाचे उरलेले तळवे सुव्याच्या संग्रहालयात ठेवले आहेत. तळवे बघायला जाऊ नका, तिथे विक्रीला काही फारसं नसतं. काटा घ्या. लोणच्याच्या बरणीला बरा पडतो. सासूबाईंना भेट देत असाल तर इतिहास सांगायचा की नाही, हे आपापल्या संबंधांवर.

रस्त्यात एखादा हसतमुख गृहस्थ हात मिळवून नाव विचारेल आणि बोलता बोलता एका लाकडी तलवारीवर ते कोरायला लागेल. कोरून झालं की पैसे मागतो, आणि नाव तुमचं असल्यामुळे ती दुसऱ्या कुणाला विकता येत नाही असंही सांगतो. या धंद्याबद्दल पर्यटकांना सावध केलेलं असतंच. आपल्या माणसानं सावध कशाला व्हायचं? नाव विचारलं की पूर्ण सांगा. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, मूळ गावासकट. र्‍हस्व-दीर्घाची दुरुस्ती करत राहा. तास-दीड तासात तोच हात जोडेल.

देवमाशाचा दात, ज्याला तिकडे तांबुआ म्हणतात आणि लग्नाकार्यात, माफी मागताना फार मानानं देतात, तो मात्र सोडा. त्याला वन्यजीव व्यापाराचे परवाने लागतात. गावात जायचं झालं तर मुखियाला यंगोनाच्या, म्हणजे कावा नावाचं पेय ज्यांचं करतात त्या मुळांची जुडी न्यायची रीत आहे. ती बाजारात कागदात गुंडाळून मिळते, तिला ना खोका, ना सील, ना करसवलत, त्यामुळे आपल्या यादीत ती बसत नाही.

मुंबईला उतरलात की छाती काढून हिरव्या मार्गानं चाला. मर्यादेच्या वरच्या मालाला साडेअडतीस टक्के ड्युटी बसायची, हे माहीत नसल्याचा चेहरा आधीच आरशात करून बघा. आत्याला पुढे घाला. तिच्या कपाळावरच्या कुंकवाला अजून कुणी थांबवलेलं नाही.

घरी पोचल्यावर एक छोटी औपचारिकता उरते. करमुक्त असली तरी दारू ती दारूच, आणि १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात अजून जिवंत आहे. बाटली बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म. आजन्मच घ्या, आणि अर्ज आत्याच्या नावानं भरा. दोन लिटर कागदोपत्री तिचेच आहेत.