‘लाट अशी नसते’ म्हणणाऱ्या वाचकांस

आपली प्रतिक्रिया काल रात्री वाचली. लगेच उत्तर द्यायला बसले होते, पण रात्री अकराला लिहिलेलं सकाळी स्वतःलाच वाचवत नाही, म्हणून थांबले.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी: ‘पुश्किनचा समुद्राला निरोप’ या चित्राबद्दल मी लिहिलं होतं. त्यातला समुद्र रशियन चित्रकार इवान आयवाझोव्स्कीने काढलेला, खडकांत एकटा उभा असलेला कवी पुश्किन दुसरा चित्रकार इल्या रेपिन याने. आपलं म्हणणं असं, की चित्र 1877 चं असताना मी 1887 लिहिलं. आयवाझोव्स्कीच्या त्या हिरव्या, आरपार दिसणाऱ्या लाटा म्हणजे ‘स्टुडिओत बसून काढलेला कॅलेंडरी समुद्र, खरी लाट अशी नसते’. आणि पुश्किनच्या समुद्रावरच्या कवितेतला समुद्र निळा, डौलात चमकणारा आहे, तर चित्रातला खवळलेला. शेवटी जाता जाता, ‘थोडा अभ्यास करून लिहीत जा.’

वर्ष चुकलं. मान्य. 1887 चं चित्र निराळं. तेही आयवाझोव्स्कीचंच आणि त्यातही पुश्किन काळ्या समुद्राच्या काठी आहे, म्हणून गल्लत झाली. दुरुस्त केलं आहे, आभार.

पण ते ‘लिहीत जा’! गृहपाठाची वही मास्तरांनी टेबलावरून भिरकवावी तसं वाटलं. बारा वर्षं हा ब्लॉग लिहिते आहे, कुणाकडून पै घेत नाही. ‘वर्ष एकदा तपासावं’ एवढं लिहिलं असतंत तरी मला कळलं असतं. माणसाला चूक दाखवायची असते की चूक सापडल्याचा आनंद दाखवायचा असतो, हे वाक्याच्या शेवटावरून समजतं.

आता लाट. माझं माहेर हर्णैचं. वडील बंदरावर बर्फाच्या कारखान्यात हिशेब लिहायचे, आणि घराच्या मागच्या पडवीतून सुवर्णदुर्ग दिसायचा. आगोट संपून होड्या शाकारल्या की बंदरावर कुणाला काम नसे, मग आम्ही पोरं खडपावर जाऊन उधाण बघत बसायचो. आपला समुद्र पश्चिमेला. पावसाने जरा उघडीप दिली की चार-साडेचारचं ऊन लाटेच्या पाठीमागून यायचं. लाट उभी राहते, फुटायच्या आधी तिचा माथा पातळ होतो, आणि त्या क्षणी ते ऊन तिच्यातून आरपार येतं. रंग? गोटी सोड्याच्या बाटलीचा. थेट तोच. एकदा तर त्या हिरव्यात उभा अडकलेला शेवाळाचा पुंजका मी पाहिला आहे, काचेच्या पेपरवेटमध्ये फूल असतं तसा. मग सगळं कोसळतं, पांढरं होतं आणि तुमच्या अंगावर येतं. तुम्ही म्हणता, ‘अशी नसते.’ प्रोफाइलवरचा आपला फोटो धबधब्याखालचा आहे. छान आहे. पण धबधबा म्हणजे समुद्र नव्हे हो!

आणि ‘स्टुडिओत बसून’ म्हणजे काय? हो, स्टुडिओत बसूनच. आयवाझोव्स्की ते लपवतही नव्हता. विजेचा लोळ, वाऱ्याचा झोत, लाटेची उसळी समोर बसून ब्रशने पकडता येतच नाही, ती आठवणीतूनच काढावी लागते, असं त्याचं मत होतं. हा माणूस काळ्या समुद्रावरच्या फिओदोसिया बंदरात जन्मला, रशियन आरमाराच्या जहाजांवरून हिंडला, आरमाराचा अधिकृत चित्रकार झाला. हे चित्र काढताना तो साठीला आला होता. साठ वर्षांचा साठा डोक्यात असलेल्या माणसाने खिडकीबाहेर बघत बसायचं? माझी आजी पुरणात गूळ मोजून घालत नसे. तिला कुणी ‘अभ्यास करून’ म्हटलं नाही. (म्हटलं असतं तर काय झालं असतं, ते सोडा.)

राहिलं कॅलेंडर. हे चित्र मला कॅलेंडरवर भेटलं नाही. आमच्याकडे वह्यांना कव्हर घालायला गुळगुळीत रशियन मासिकांची पानं यायची, ब्राउन पेपर परवडत नसे म्हणून. सातवीतल्या भूगोलाच्या वहीवर या चित्रातला खडकांतला माणूस होता, बरोबर घडीवर आल्यामुळे कमरेत दुमडलेला. नाव-गाव ठाऊक नव्हतं. 1836 साली पीटर्सबर्गच्या कला अकादमीच्या प्रदर्शनात एकोणीस वर्षांच्या आयवाझोव्स्कीला खुद्द पुश्किन भेटला होता, पुढच्याच वर्षी द्वंद्वयुद्धात कवी गेला आणि चित्रकार मात्र त्याला जन्मभर समुद्रकाठी उभा करत राहिला, हे फार पुढे वाचलं. तो अभ्यास नाही वाटतं? रेपिनने तर आपण फक्त माणूस काढला, समुद्र त्याचा, असं मोकळेपणाने कबूल केलं. मोठी माणसं अशी बोलतात.

कवितेचं म्हणाल, तर 1824 मध्ये ओदेसा सोडताना पुश्किनने ती लिहायला घेतली, मिखाइलोव्स्कोयेला, म्हणजे घरच्या जहागिरीवर, पुरी केली. त्यात लाटा निळ्या आहेत, ठाऊक आहे. चित्रकाराने वादळ निवडलं, त्याची मर्जी. त्यात वाद घालण्यासारखं मला काही दिसत नाही, आणि हे उत्तर आधीच लांबलं आहे.

लेखातलं वर्ष बदललं आहे. पान रिफ्रेश केलंत की दिसेल.