43 इंची मॉनिटर ही चैन आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुम्ही मुद्देसूद लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा सविस्तर देतो. तुमचं म्हणणं असं: कॉम्प्युटरवर मशिनींचं डिझाइन करायला 43 इंची 4के मॉनिटर ही निव्वळ चैन आहे, दोन 24 इंची घेतले तर कमी पैशात भागतं, मान दुखत नाही, मोठा पडदा हवाच असेल तर टीव्ही जोडावा, आणि तुमच्या पिढीने ड्रॉइंग बोर्डावर अख्ख्या मशिनी उभ्या केल्या.

बोर्डापासूनच सुरुवात करतो, कारण माझं सगळं म्हणणं त्यातच आहे. ए1 शीटचा बोर्ड 1000 बाय 700 मिलिमीटरचा. त्यावर 841 बाय 594 चं शीट लावलं की एलिव्हेशन, प्लॅन, सेक्शन (समोरून, वरून आणि कापून दिसणारे व्ह्यू), टायटल ब्लॉक (ड्रॉइंगच्या माहितीची चौकट), सगळं एकदम समोर. ती सोय आपण कॉम्प्युटरवर आलो तेव्हा गेली. 24 इंची पडद्याची उंची जेमतेम 300 मिलिमीटर, म्हणजे तेच शीट निम्म्या मापात बघायचं. 43 इंची पडदा साधारण 950 बाय 535 भरतो. ए1 त्यावर नव्वद टक्के मापात मावतं. तुमच्या पिढीकडे जे होतं तेच मी मागतोय.

माप एक झालं, पिक्सेल दुसरे. 24 इंची फुल एचडीत उभे पिक्सेल 1080. टूलबार लपवून ए1 शीट पूर्ण बसवलं तरी 3.5 मिलिमीटरच्या अक्षराच्या वाट्याला सहाच पिक्सेल येतात आणि 2.5 मिलिमीटर उंचीच्या टॉलरन्सच्या (मापात चालणाऱ्या फरकाच्या) आकड्याला चार-साडेचार. एवढ्यात 6 आणि 8 मधला फरक कळत नाही. समजा 25 एच7 चं बोअर आहे, म्हणजे 25 मिलिमीटरचं भोक आणि एच7 हा त्याच्या टॉलरन्सचा वर्ग. शेजारचं +0.021 वाचायला झूम केलं, मग त्यात बसणाऱ्या पिनचा टॉलरन्स, जी6, बघायला दुसऱ्या व्ह्यूकडे सरकलो, की बोअर पडद्याबाहेर. दोन्ही आकडे डोक्यात धरून फिट, म्हणजे पिन किती सैल-घट्ट बसते ते, तपासायचं. 4के वर उभे पिक्सेल 2160, म्हणजे त्याच आकड्यांना बारा आणि नऊ मिळतात. झूम न करता वाचता येतात, दोन्ही एकाच वेळी. चेकिंगमध्ये चुका निसटतात त्या अशाच जागी, म्हणून मी याबाबत इतका आग्रही आहे.

दोन मॉनिटर लावून रुंदी वाढते, उंची तेवढीच राहते. असेंब्लीचा फीचर ट्री (मॉडेलमधल्या भागांची पडद्यावरची यादी) उभाच वाढतो. शीट दोन्हींवर पसरलं तर चौकटीच्या पट्ट्या नेमक्या मधल्या व्ह्यूवर येतात. मात्र ज्यांचं काम एकीकडे मॉडेल आणि दुसरीकडे बीओएम (लागणाऱ्या मालाची यादी), वेंडरचे मेल असं चालतं, त्यांनी खुशाल दोन घ्यावेत. तिथे तुमचं बरोबर आहे.

मानेचं म्हणणंही खरं आहे. 60 सेंटिमीटर खोलीच्या टेबलावर हा पडदा ठेवला तर मान धरणारच. 80-90 सेंटिमीटर अंतर हवं आणि वरची कड डोळ्यांच्या रेषेवर, शक्यतो किंचित खाली. टेबल तेवढं खोल नसेल तर 32 इंची 4के घ्या, पण मेनूची अक्षरं बारीक होतात, स्केलिंग (पडद्यावरच्या अक्षरांचं, आयकॉनचं माप) वाढवावं लागतं. 43 इंचीवर इंचाला सुमारे 103 पिक्सेल, 24 इंचीवर 92; म्हणून 43 इंचीवर शंभर टक्के स्केलिंग चालतं.

टीव्हीबद्दल मात्र सावध करतो. बऱ्याच टीव्हींवर नेहमीच्या सेटिंगमध्ये रंगाची माहिती निम्म्या किंवा त्याहून कमी पिक्सेलमध्ये येते. सिनेमात ते कळत नाही; काळ्या पार्श्वभूमीवरच्या लाल, निळ्या, मजेंटा बारीक रेघा मात्र फिसकटतात. 4:4:4 सिग्नल, म्हणजे प्रत्येक पिक्सेलच्या रंगाची पूर्ण माहिती, घेणारा टीव्ही असेल तरच विचार करा. जुन्या लॅपटॉपचं एचडीएमआय 1.4 असेल तर 4के वर 30 हर्ट्झच मिळतात आणि माउस मागे रेंगाळतो, मग पडदा कुठलाही असो. म्हणून डिस्प्लेपोर्ट 1.2 किंवा एचडीएमआय 2.0 बघून घ्या.

दुकानात जाताना तुमच्याच कामातली एक ए1 पीडीएफ पेनड्राइव्हवर न्या. 'फिट पेज' करा आणि सगळ्यात बारीक टॉलरन्स खुर्चीत बसल्या जागेवरून वाचता येतो का बघा. नाही वाचता आला तर घेऊ नका, मी शिफारस केलेला असला तरी.